हवेवरची परिषद, बंद खोलीतून

भूमिगत खाणींच्या वायुवीजनावर ऑनलाइन परिषद आहे आणि खाणीतर्फे तुमचं नाव गेलंय. म्हणजे एकतर तुम्ही व्हेंटिलेशन ऑफिसर आहात, नाहीतर यादी करताना साहेबांच्या समोरून गेलात. काही का असेना, दोन दिवस खाली उतरायचं नाही. फक्त काही पथ्यं पाळा.

आधी खोली. एसीची मिळवा, दारं-खिडक्या घट्ट लावा आणि ऑफिसातली आणखी सात-आठ माणसं आणून बसवा, म्हणजे उपस्थिती भरघोस दिसते. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच गार करून पुन्हा तोंडावर मारतो. खाणीत पंखा चुकीच्या जागी बसवून हेच केलं तर त्याला रीसर्क्युलेशन म्हणतात आणि मेमो मिळतो. इथे त्याला सोय म्हणतात. (भाषणांचंही तेच. मागच्या वर्षीच्या स्लाइड ओळखीच्या वाटल्या तर चेहरा कोरा ठेवा.) कोळसा खाणींचा नियम सांगतो की मोठ्यात मोठ्या पाळीतल्या दर माणसामागे मिनिटाला किमान ६ घनमीटर, किंवा रोजच्या उत्पादनात टनामागे २.५ घनमीटर, यातली जी जास्त भरेल तेवढी हवा त्या भागात खेळती हवी. ही स्लाइड येईल तेव्हा तुमच्या खोलीत सगळे जांभया देत असतील. वक्त्याला दोष देऊ नका.

उद्घाटन चुकवू नका, दीपप्रज्वलन असतं. आपल्या धंद्यात खाणीच्या तोंडाशी माणसाचे खिसे चाचपून बिडी-काडेपेटी काढून घेतात, कारण हवेत मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असला की एक ठिणगी पुरते. त्याच धंद्याच्या परिषदेची सुरुवात उघड्या ज्योतीनं. ज्योत ॲनिमेशनची आहे, तिचं तेल संपत नाही, तेव्हा हात जोडा. मग धोरी कोळसा खाण येईल. २८ मे १९६५, स्फोट, २६८ मृत्यू. ही स्लाइड लवकर हलते, कारण मागे पंखेवाल्या प्रायोजकाची फिल्म ताटकळत असते.

स्वतः पेपर वाचणार असाल तर खाणीतल्या हवेचं गणित मांडणाऱ्या ॲटकिन्सनपासून सुरुवात करा, १८५४. हवा दुप्पट हवी तर दाब चौपट लागतो आणि वीज आठपट. ते बिल कोण भरणार, हा विषय पेपरच्या कक्षेबाहेर ठेवा. खरं कौशल्य पुढे आहे. पंख्यानं ओढलेल्या हवेतला बराच वाटा फेसपर्यंत, म्हणजे कोळसा तोडतात तिथपर्यंत, पोचायच्या आधीच स्टॉपिंगच्या, म्हणजे वाट बंद करणाऱ्या भिंतींच्या, भेगांतून आणि दारांच्या फटींतून रिटर्नला पळतो (हवा आत येते ती वाट इन्टेक, परत जाते ती रिटर्न), हे खाली चार महिने काढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणूनच ते मॉडेलमध्ये घालायचं नाही. संगणकातली खाण फार गुणी असते. तिथलं दार कुणी दगड लावून उघडं ठेवत नाही. तिथलं हवा वळवायचं ब्रॅटिसचं कापड पावसाळ्याच्या तोंडावर कुणाच्या छपरावर जात नाही. निळे बाण निमूटपणे फेसवर जातात आणि लाल होऊन परत येतात. बघताना डोळे निवतात.

दुसऱ्याच्या पेपरवर काही विचारणं भाग पडलं तर ‘सर, बाउंडरी कंडिशन काय घेतली?’ एवढंच विचारा. कुठल्याही पेपरला चालतं, आणि उत्तर ऐकावं लागत नाही.

ज्यांच्या हवेबद्दल हे सगळं चाललंय ते परिषदेत नाहीत, याची रुखरुख नको. फेसवर मोबाइल नेता येत नाही आणि लिंक तर मोबाइलवरच येते. मात्र टेबलावरचा लँडलाइन आधीच काढून ठेवा. मी विसरलो होतो. पडद्यावर बल्बला ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान ३३.५ अंशांच्या वर जाता कामा नये, हे ठळक अक्षरांत आलं आणि खालून पाळीवर देखरेख करणाऱ्या ओव्हरमनचा फोन.

‘साहेब, इन्टेक-रिटर्नमधलं एक दार कोळशाच्या टबानं मोडलं.’

‘दोन असतात ना? दुसरं बंद ठेवा.’

‘दुसऱ्याले तं आधीपासूनच दगड लावून आहे, बिजागरी गेली त्याची. पोतं बांधलं मी. पण फेसवर हवा येऊनच नाही राहिली. पोट्टे घामानं निथळून राहिले.’

अशा वेळी गोंधळू नये. ‘माणसं बाहेर काढा’ म्हणालात तर पाळीचे टन गेले आणि संध्याकाळी त्याचा जाब. ‘सेशन चालू आहे, रजिस्टरला लिहून ठेवा’ हे वाक्य तयार ठेवा. मी कोणतं म्हणालो ते इथे सांगत नाही.

प्रमाणपत्र संध्याकाळी येतं, पण फीडबॅक फॉर्म भरल्यावर. ‘मिळालेलं ज्ञान प्रत्यक्ष कामात वापराल का?’ समोर चार गोल असतात. ‘निश्चितच’ भरा आणि पाठवा. तेवढ्यात फोन पुन्हा वाजेल.

‘साहेब, झाली का मीटिंग? मग सुताराले पाठवता का?’