यहाँ, यहाँ और पीछे भी

पेसमेकर बसवायचाय? मग आधी संमतिपत्र. घाबरू नका, ते वाचायचं नसतं. सिस्टर "बाबूजी, यहाँ, यहाँ और पीछे भी" म्हणत बोट फिरवते, त्यामागे पेन फिरवायचं. फॉर्म इंग्रजीत, सिस्टर हिंदीत आणि सौ.चा देवाचा धावा मराठीत. इंदूरखेरीज इतकी त्रैभाषिक संमती कुठे मिळणार?

खरं तर सहीसुद्धा तुम्ही करू नये. पलंगावर चष्मा लावून शब्दकोडं सोडवत बसला असलात तरी ते काम जावयाचं. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, जिवावरचा तातडीचा प्रसंग नसेल तर सज्ञान, सक्षम रुग्णाची संमती त्याची त्यानेच द्यायची; आईची चालत नाही. न्यायालयाला जावई ठाऊक नसावा. आमचे जावईबापू छप्पन दुकानावरून पोहे घेऊन आले आणि त्याच हाताने सही करून मोकळे झाले. 'रिस्क'खालच्या चार ओळींवर पोह्यांवरचा जिरावण मसाला सांडला, वर शेव चिकटली. वाचायचा प्रश्नच मिटला.

पुढे डॉक्टर म्हणतील, "सिंगल की डबल?" चहाच समजा आणि डबल सांगा. दोन तारा माझ्याच हृदयाला का लागतात, या यंत्रासकट एमआरआय करता येईल का, असलं विचारून त्यांचा राउंड लांबवू नका. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल किती टिकेल यावर सराफ्यात दुकानदाराशी हुज्जत घालणारे तुम्ही, छातीतल्या बॅटरीबद्दल मात्र मौन पाळा. आठ-दहा वर्षांनी कळेलच. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सनच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासांतच बंद पडला. पुढे जन्मभरात त्याला वीसहून जास्त यंत्रं लागली. पण गडी ८६ वर्षं जगला. त्याची बायकोच डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागली होती म्हणे. चौकस बायका कुठेही असतात.

आपण चौकशी करू नये. मी नाही केली. तिसऱ्या आठवड्यात फळीवरची लोणच्याची बरणी काढायला डावा हात वर नेला आणि तार जागची सरकली. तेव्हा कळलं शेवेखाली काय होतं: तार सरकणं, जखमेत जंतू, कातडीखाली रक्त साकळणं, क्वचित फुप्फुसाला छिद्र.

पुन्हा तोच पलंग, तोच फॉर्म. या वेळी मी चष्मा मागितला. सिस्टरने दारातून हाक मारली, "दामादजी कहाँ हैं?"