दाजी, चाकं बघायला चला

मेहुण्यानं जुनी ऑडी टीटी घेतली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. घरातल्या कुणाकडं तरी स्पोर्ट्स कार आहे, आपल्याला ती धुवायची नाही, तिचा हप्ता भरायचा नाही आणि फोटोत मात्र शेजारी उभं राहायचं, यापेक्षा सुखाची मालकी कुठली? पण सिद्धूला त्या गाडीत एक खोट दिसली. चाकं. आणि मिलिमीटर, टक्के, अंश असलं काही निघालं की ते दाजींचं खातं, असं सासरी कधीच ठरून गेलंय, कारण मी शाळेत गणित शिकवतो. तेव्हापासून माझा रविवार माझा राहिला नाही.

सिद्धूचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. गाडी पुण्याहून आणलेली, दुसऱ्या पिढीतली. बघायला येणारा माणूस आधी नंबरप्लेटीवरचं एमएच १२ वाचून ‘पुण्याची व्हय’ म्हणतो, मग किंमत विचारतो, मग चाकांकडं बघून नुसता ‘हं’ करतो. त्या ‘हं’नं सिद्धूची झोप उडाली. ॲव्हरेज कुणी विचारत नाही, ही सोलापूरकरांची माणुसकी. मागं दोन सीटा आहेत, पण त्या कागदावर. सासूबाईंनी एकदा हट्टानं बसून बघितलं. आत गेल्या आपल्या आपण, बाहेर काढायला मात्र दोन माणसं लागली.

गाडीच्या पाठीमागं एक पंख आहे. वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास गेला की तो आपोआप वर येतो आणि ८० च्या खाली गेला की परत आत जाऊन बसतो. पहिल्या पिढीच्या टीटीला, म्हणजे १९९८ साली आलेल्या गाडीला, सुरुवातीला पंखच नव्हता. युरोपात फार वेगात तिचं बूड हलकं पडायला लागलं, अपघात झाले, तेव्हा कंपनीनं विकलेल्या गाड्या परत बोलावून मागं पंख लावून दिले. एवढा गंभीर इतिहास. आता आपल्याकडं चौपदरी महामार्गावर केंद्र सरकारनं २०१८ साली ठरवलेली कमाल मर्यादा १००. त्यामुळं कायदा पाळणाऱ्या माणसाच्या नशिबात हा पंख आपोआप उघडणं नाही. पण आत एक बटण दिलंय. सात रस्ता चौकात गाड्या तुंबल्या की सिद्धू ते दाबतो. पंख वर, लोकांच्या माना वळतात, पंख खाली. एकदा शेजारच्या रिक्षावाल्यानं काळजीनं काच वाजवली आणि म्हणाला, “मालक, डिक्की उघडी ऱ्हायलीय बघा.”

त्या क्षणी मला या गाडीचं मर्म कळलं. ही पळवायची गाडी नाही, उभी करायची आहे. आणि उभ्या गाडीचं डोळ्यात भरणारं अंग म्हणजे चाकच. लोक याला हसतात. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. जी गाडी दिवसातले तेवीस तास अंगणात उभी राहते, तिनं उभ्यानं चांगलं दिसावं ही मागणी अगदी हिशेबाला धरून आहे. माझी तक्रार फक्त मला सोबत नेण्याबद्दल होती.

पहिल्याच दुकानात भिंतभर चाकं टांगलेली. मालकाकडं कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर होतं: “बसतंय.”

“याचा पीसीडी काय?” मी विचारलं. रात्री वाचून गेलो होतो.

“बसतंय सर.”

पीसीडी म्हणजे बोल्टांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. टीटीला पाच बोल्ट आणि ११२ मिलिमीटर. पाच भोकांचं चाक ११४.३ चंही मिळतं, आणि डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. दोन मिलिमीटरनं काय होतंय, असं दुकानदाराचं मत. नववीच्या वर्गात मी एवढ्यासाठी पूर्ण गुण कापतो. त्यानंतर ऑफसेट. चाक हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर ते आवळतात त्याला, टेकतं ती जागा चाकाच्या मध्यरेषेपासून किती लांब, तो आकडा. कमी झाला तर चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं, जास्त झाला तर आत सस्पेन्शनला घासतं. सिद्धूला बाहेर डोकावणारंच हवं होतं. “दाजी, जरा रुबाब दिसलालंय की.” मी म्हटलं, रुबाब पंधरा मिलिमीटर बाहेर आला तर पहिल्या खड्ड्यात टायर मडगार्डची कड चाटणार. तो गप्प झाला, पण पटलं म्हणून नव्हे. फोनवर दुसरं चाक सापडलं होतं म्हणून.

मग इंचांची भानगड. या गाडीला रिमची १७, १८ आणि १९ इंच अशी तिन्ही मापं चालतात. २४५/४५ आर १७, २४५/४० आर १८, २५५/३५ आर १९. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, मधला म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच, आणि शेवटचा रिमचे इंच. कागद काढून मी तिथंच हिशेब मांडला. सतरा इंचीला रबराची भिंत ११० मिलिमीटर, अठराला ९८, एकोणिसाला ८९. सतरा आणि अठराचा एकूण व्यास तर जवळपास सारखाच, ६५२ आणि ६५३. म्हणजे चाक वाढलं की गाडी उंच होत नाही, रबर तेवढं आटतं. त्या एकोणीस इंची चाकावरचा टायर बघितला तर ती रिमला चिकटवलेली कडक भाकरी वाटत होती. आणि आमच्या भागातले रस्ते ड्रेनेजवाल्यांनी, पाणीवाल्यांनी आणि केबलवाल्यांनी पाळीपाळीनं उकरलेले. खड्ड्याचा दणका रबरानं खायचा की रिमनं, एवढाच खरा प्रश्न. बाकी सगळी हौस. सिद्धूनं कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, “पण फोटोत कुठलं भारी दिसतंय?”

फोटोत एकोणीस भारी दिसतं. हे मलाही मान्य करावं लागलं.

दुसऱ्या एका दुकानात जाळीदार नक्षीचं चाक होतं. “डिट्टो बीबीएस,” दुकानातला पोरगा म्हणाला, “फक्त बीबीएसवाल्यांना म्हाईत नाही.” बीबीएस ही जर्मनीतली १९७० सालची कंपनी, बाउमगार्टनर आणि ब्रांड हे दोन संस्थापक आणि शिल्टाख हे गाव, अशी तिन्हींची आद्याक्षरं. सिद्धूनं ऐकलं आणि जागच्या जागी भागीदारी जाहीर केली: सिद्धू, इरण्णा, सोलापूर. इरण्णा म्हणजे त्याचा मित्र. त्याचं या सगळ्यात एकच काम, कुठल्याही चाकाकडं बघून “काय लेव्हल हाय बे” म्हणणं. त्याच्यामुळं आमचे कित्येक तास वाया गेले, कारण त्याला वाईट दिसणारं चाक जगात बनलेलंच नव्हतं.

चाकांच्या जाती मला याच दुकानात कळल्या. ओतीव चाक स्वस्त आणि जड. फ्लो फॉर्म्ड म्हणजे ओतल्यावर गरम असतानाच गरगर फिरवून रोलरनं कड दाबून काढलेलं. पातळ होतं आणि मजबूतही. फोर्ज्ड म्हणजे ॲल्युमिनियमचा ठोकळा प्रचंड दाबाखाली घडवलेला. सगळ्यात हलका आणि किंमत ऐकून आपण बसतो. चाक हलकं असलं की स्प्रिंगखालचं वजन कमी होतं, गाडी खड्ड्यातून लवकर सावरते, ब्रेकलाही सोपं जातं. मी हे सगळं सांगून झाल्यावर इरण्णा म्हणाला, “हलकं म्हणजे चोरायला बी सोपं की ओ.”

शेवटी अठरा इंची, फ्लो फॉर्म्ड, फिकट ब्राँझ रंगाची चाकं ठरली. बसली. खरंच बसली. पहिल्या संध्याकाळी आम्ही पुणे रस्त्याला निघालो आणि मोहोळच्या अलीकडं ९० च्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं. फोन केला तर दुकानदार म्हणाला, रस्ता खराब आहे. रस्ता चांगला होता. दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडला ट्रकचे टायर काढणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी एक चाक उतरवलं, मधल्या भोकात बोट घालून बघितलं, हबवरून बोट फिरवलं, परत चाक टेकवून फटीत अंगठ्याचं नख घातलं. नख अख्खं आत गेलं. “हे बघा,” एवढंच म्हणाले. या गाडीच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर आणि बाजारातल्या चाकाचं मधलं भोक, म्हणजे सेंटर बोअर, ७३.१. मध्ये एक साधी रिंग लागते, ती कुणी घातलीच नव्हती. मग त्यांनी बोल्ट हातात घेऊन उन्हाकडं धरला. कंपनीच्या बोल्टाची बैठक गोल असते. नव्या चाकातलं भोक निमुळतं. गोल बोल्ट निमुळत्या भोकात नीट टेकत नाही, पुढं ढिला पडू शकतो. दुकानदाराचं यावर म्हणणं होतं, “बोल्ट तो बोल्ट.” रिंगा आणि बोल्ट दोन्ही पुण्याहून मागवले, तोवर गाडी जुन्या चाकांवर. रिंगेची किंमत चाकाच्या मानानं काहीच नाही, आणि सगळ्यांच्या सगळ्या सल्ल्यांत तिचं नाव एकदाही आलं नव्हतं.

चाकांवर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण एकदा हात लागला की बाकीची गाडी उघडी वाटायला लागते. काचांना काळी फिल्म हवी होती. तिला सर्वोच्च न्यायालयानं २०१२ सालीच चाप लावलाय. रोज सात रस्त्याला पोलिसाशी न्यायालयाच्या निकालावर चर्चा करण्याची सिद्धूला हौस नव्हती, तो विषय मिटला. गाडी ३० मिलिमीटर खाली बसवायच्या स्प्रिंगा त्यानं फोनवर निवडूनही ठेवल्या होत्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे सावकाश गेलं तर दणका बसू नये असा. आमच्या कॉलनीतला रुंदीला दोन विटा आणि उंचीला अध्यक्षांच्या रागाइतका. मी टेप घेऊन गेलो, मोजलं, सिद्धूला मोजायला लावलं. स्प्रिंगा रद्द.

रॅपिंगचा निकाल सासऱ्यांनी लावला. मामा म्हणजे लक्ष्मी-विष्णू मिलमधले जुने जॉबर, कामगारांवरचे मुकादम. रॅप म्हणजे अख्ख्या गाडीला रंगीत प्लास्टिकचं कव्हर चिकटवायचं आणि रंग बदलला म्हणून आरसीत नोंदही करून घ्यायची, हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पांघरूणच घालायचं तर सोलापुरी चादर घाल की. तिला मानांकन तरी हाय.” टॉवेलच्या कारखानदारापुढं हे वाक्य म्हणजे कोर्टाचा हुकूम होता.

दसऱ्याला गाडीची पूजा. चार चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर झेंडूचा हार, आणि सासूबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या. बराच वेळ झाला तरी उठेनात. सिद्धू बनियनवर धावत आला तोवर एक स्पोक घासून झाला होता. त्यांच्या हातात चिंचेचा गोळा. “पितळ हाय न्हवं? काळं पडलंय म्हटलं. चिंचेनं कसं लख्ख हुतंय बघ.” ब्राँझ हा नुसता रंग आहे, खाली ॲल्युमिनियमच आहे, हे त्यांना अजून पटलेलं नाही. एवढे पैसे देऊन पितळेचं नाही, मग घेतलं कशाला, हा त्यांचा प्रश्न मला तरी रास्त वाटतो.

जुनी चाकं ठेवायला सिद्धूच्या घरी जागा नव्हती, म्हणून ‘विकली की नेतो’ या बोलीवर ती आमच्या गच्चीवर आली. परवा होटगी रोडवरचा एक पोरगा बघायला आला. जिना चढायच्या आधीच त्यानं मला विचारलं, “सर, पीसीडी काय हाय?” मी चष्मा शोधत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून, कुकरची शिट्टी व्हायच्या आत, बायकोचा आवाज आला:

“पाच बाय ११२. सेंटर बोअर ५७.१. बोल्ट गोल बैठकीचेच लावायचे. आणि चारी घेणार असशील तरच वर चढ, एकेक विकायची न्हाईत आम्हाला.”