हात आखूड, म्हणून गार्ड?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा ड्राफ्ट (कॉलेजातल्या खेळाडूंची संघांकडून निवड) जवळ आला की एक वाक्य हमखास फिरायला लागतं: "हात ३४ इंचांहून आखूड आहेत ना? मग कॉलेजात असेल टॅकल, इथे गार्डच." खेळाडूचा एक सामनाही न बघता निकाल मोकळा.

यात तथ्य अजिबात नाही असं नाही. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या ओळीत टॅकल टोकाला उभा असतो, गार्ड त्याच्या आतल्या बाजूला. बाहेरून वेगात येणाऱ्या रशरच्या, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या, छातीवर आधी पंजा कोण टेकवतो यावर पुढची झटापट ठरते, तिथे लांब हात कामाला येतातच. कॉलेजात टॅकल असलेल्या पीटर स्कोरॉन्स्कीचे हात ३२¼ इंच होते. टायटन्सनी २०२३ मध्ये त्याला ११ व्या क्रमांकावर घेतलं आणि गार्डलाच लावलं.

पण ३४ ही लक्ष्मणरेषा कुणी आखली? रशॉन स्लेटरचे हात ३३ इंच. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून आला तेव्हा त्याच्यावरही गार्डचा शिक्का मारणारे होतेच. ज्यांनी २०१९ चा ओहायो स्टेटविरुद्धचा सामना पाहिला होता, त्यांनी चेस यंगसारख्या रशरला त्याने कसं थोपवलं तेही पाहिलं होतं. हात पोचायच्या आधी पाय जागेवर पोचलेले. चार्जर्सनी २०२१ मध्ये त्याला १३ वा उचलला, लेफ्ट टॅकललाच ठेवला, आणि पहिल्याच मोसमात तो प्रो बोलसाठी (मोसमातल्या निवडक खेळाडूंचा मान) निवडला गेला.

बरं, मोजमाप तरी किती पक्कं? खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी धरायची, एवढंच. २०२५ मध्ये विल कॅम्पबेलचा हात कम्बाइनला (ड्राफ्टआधीच्या एकत्र चाचण्यांना) ३२⅝ इंच भरला, महिन्याभरात त्याच्या एलएसयू विद्यापीठाच्या प्रो डेला (तिथल्या चाचणीच्या दिवशी) ३३! एकविसाव्या वर्षी हात वाढत नाहीत, पट्टी धरणारा बदलतो. पेट्रियट्सनी त्याला चौथ्या क्रमांकावर घेऊन लेफ्ट टॅकललाच उभा केला.

"मग झॅक मार्टिनचं काय?" हा ठरलेला प्रश्न. नोत्र दामचा लेफ्ट टॅकल, हात ३३ ला जरासे कमी, काउबॉयजमध्ये गार्ड झाला आणि नऊ प्रो बोल. हातांचा विचार झालाही असेल. पण २०१४ मध्ये त्या संघात टॅकलला डावीकडे टायरन स्मिथ होता, उजवीकडे डग फ्री. नवा पोरगा बसवणार कुठे?

आणि गार्ड म्हणजे टॅकल न जमलेल्याची सोय, हेही डोक्यातून काढा. समोर अॅरन डोनाल्डसारखा बचावपटू एका पावलावर उभा असला की गार्डला सावरायला वेळच नसतो.

जागाबदल खरा कठीण कुठे होतो ते पेनेइ सूएलकडे बघून कळतं. हात ३३¼. ऑरेगनमध्ये डावीकडे खेळलेला, लायन्सनी उजवीकडे नेला. म्हणजे मागे ठेवायचा पाय दुसरा, आधी मारायचा हात दुसरा, सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी तो ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या संघात होता, राइट टॅकल म्हणून.