जागा एक, अर्ज पाच प्रतींत

विद्यापीठातल्या संशोधन प्रकल्पावर जेआरएफची (कनिष्ठ संशोधकाची) एक जागा निघाली आहे? भाऊ, अर्ज कराच. जागा तुमच्यासाठी नसेलही, पण तीन-चार उमेदवार हजर असल्याशिवाय मुलाखत झाल्यासारखी वाटत नाही.

जाहिरात खालून वाचा. वर 'एमएस्सी भौतिकशास्त्र, ५५ टक्के, नेट किंवा गेट' (या देशपातळीवरच्या परीक्षा) असतं, ते बऱ्याच जणांकडे असतं. खरी गंमत 'इष्ट पात्रते'त : स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून, झिंक ऑक्साइडचे पातळ थर बनवण्याचा आणि एक्सआरडीचे (क्ष-किरण तपासणीचे) आलेख वाचण्याचा अनुभव. ही पात्रता नव्हे, अंगावरच्या खुणा आहेत. त्या खुणांचा मुलगा दिवाळीपासून त्याच प्रयोगशाळेत ४०० अंशांवर काच तापवतोय. बिनपगारी. त्याच्यावर डूख धरू नका. थर ढगाळ पडला तर नळी चोंदली की काच थंड राहिली, हे तो लांबूनच सांगतो.

आता कागदपत्रं. सीजीपीएचं (सरासरी श्रेणीगुणांचं) टक्क्यांत रूपांतर करायचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असेल, तर मागची बाजू जोडूच नका. छाननी समितीलाही काम हवं. ५४.९ ला बिनधास्त ५५ म्हणा. गेटचा स्कोअर तीन वर्षांनी शिळा होतो, हे विसरा. अनुभव एमएस्सीच्या निकालाआधीपासून मोजा. आणि पाचही प्रती शेवटच्या दिवशी साध्या टपालाने टाका. 'टपालातील विलंबास विद्यापीठ जबाबदार राहणार नाही' हे वाक्य कुणीतरी एवढ्या मायेनं लिहिलंय, ते वाया का घालवायचं?

मुलाखत जळगावला, सकाळी दहाला. नवापूरहून यायचं तर तापी लाइनची गाडी धरा, नाहीतर आदल्या दिवशीच या. प्रवासखर्च मिळणार नाही. महिना मे असेल तर ४४ अंशांत व्हरांड्यात बसून घ्या, तेवढाच स्प्रे पायरोलिसिसचा अनुभव.

समजा, चुकून निवड झालीच. केंद्राच्या प्रकल्पात २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, असा आकडा आहे. आकडा आहे, म्हणजे कागदावर आहे. पहिला हप्ता उपकरणात जातो, आणि दुसरा यायला लेखापरीक्षण झालेला हिशेब आणि सरकारी वित्तीय नियमांच्या 'जीएफआर १२-ए' नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र वर जावं लागतं. एका सहीसाठी फाइल महिनाभर पडून राहिली, की तुम्हीही पडून राहता. केळीच्या बागेतली मजुरी निदान बाजाराच्या दिवशी हातात पडते.

पीएचडीचं गणित तर तोंडीच करा. प्रकल्प तीन वर्षांचा. मंजुरीनंतर जाहिरात निघेपर्यंत आठ महिने गेले, उरले अठ्ठावीस. पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात, म्हणजे छत्तीस. कमी पडणाऱ्या आठ महिन्यांचं काय? सर म्हणतील, 'दुसरा प्रस्ताव टाकलाय, मंजूर झाला की इष्ट पात्रता तुझ्याच नावानं लिहू. तोवर येत जा रोज, काच तापवायला.'