‘ओपीडी कमी, म्हणजे केंद्र निकामी’: हा हिशेब कुठे चुकतो

‘आरोग्य केंद्राच्या वर्षाच्या खर्चाला ओपीडीच्या (बाह्यरुग्णांच्या) आकड्याने भागा. ज्याचा आकडा मोठा, ते केंद्र निकामी. बंद करून शेजारच्यात मिसळा.’ हा मेसेज फार फिरतो. विदर्भाला हे गणित लावलं, तर आधी भामरागड, एटापल्ली, धारणी, चिखलदरा या दुर्गम आदिवासी तालुक्यांची केंद्रं जातील.

‘ओपीडी म्हणजेच काम.’ ओपीडी रजिस्टरात माणसं नाही, खेपा मोजल्या जातात. बीपीच्या रुग्णाला महिन्याच्या गोळ्या एकदम दिल्या तर वर्षात 12 नोंदी, दहा-दहा दिवसांच्या दिल्या तर 36. रुग्ण तोच, गोळ्या तेवढ्याच. मजुरी तिप्पट वेळा बुडाली. मेसेजच्या हिशेबात मात्र हेच केंद्र सरस! आशाताईने टोल्यावरच (लांबच्या छोट्या वस्तीवरच) रॅपिड टेस्ट करून मलेरियाच्या गोळ्या सुरू केल्या, तर तो रुग्ण ओपीडीत येतच नाही. काम उत्तम झालं, आकडा घटला.

‘माणशी खर्च जास्त, म्हणजे उधळपट्टी.’ निकष सपाट भागात 30,000 लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी-डोंगरी भागात 20,000ला एक, असा आहे. डॉक्टर, नर्स, लसींचा फ्रीज दोन्हीकडे लागतोच. अंतरं मोठी म्हणून लोकसंख्या मुद्दाम कमी धरली आहे, मग माणशी खर्च वाढणारच.

‘लस वाया घालवतात.’ बीसीजी (क्षयरोग) आणि एमआर (गोवर-रुबेला) लसीच्या व्हायलमध्ये, म्हणजे कुपीत, डायल्यूएंट (पावडर विरघळवायचं द्रव) मिसळलं की ती चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. टोल्यावर दोनच बाळं असली, तर दहा डोसांतले आठ जाणार. ते वाचवायला सत्र पुढे ढकललं, तर नासाडीचा आकडा सुधारतो आणि बाळ लसीविना राहतं. पेंटाव्हॅलंटची (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीची) उघडलेली व्हायल मात्र थंडावा नीट राखला तर 28 दिवस चालते. तिची नासाडी दिसली, तर जरूर जाब विचारा.

‘संगणकानेच 100 टक्के कार्यक्षम ठरवलं.’ हे गुण डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस या, केंद्रांची एकमेकांशीच तुलना करणाऱ्या गणिती पद्धतीने काढतात. त्यातले 100 म्हणजे त्या गटात याहून सरस कोणी नाही, एवढंच. सगळी केंद्रं सुस्त असली तरी कुणाला तरी 100 मिळतातच. चार इनपुट (खर्च, मनुष्यबळ अशी साधनं), चार आउटपुट (झालेली कामं) आणि केंद्रं दहाच घेतली, तर बहुतेक सगळी 100वर जातात. रूढ दंडक इनपुट-आउटपुटच्या बेरजेच्या तिप्पट, म्हणजे निदान 24 केंद्रांचा आहे.

राहिलं ‘शेजारच्यात मिसळा’. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. त्या दिवशी कळा सुरू झालेल्या बाईला नदीच्या तिच्याच बाजूला हजर असलेली नर्स आणि फ्रीजमधलं ऑक्सिटोसिन (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं औषध) हवं, मग महिनाभरात तिथे तेवढं एकच बाळंतपण झालेलं असो.