पांढरं पडलेलं बिल

आत्ताच संभाजीनगरहून घरी आलो. हातपाय धुतले, चहा घेतला, तरी डोकं काही थंड होईना, म्हणून लिहायला बसलो. लांबणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

पोरीचा लॅपटॉप गेल्या धनत्रयोदशीला घेतला, इथंच परभणीत. ४३,५०० रुपये. महालक्ष्म्या उठल्या अन् दुसऱ्याच दिवशी तो बंद पडला. चार्जिंगचा लाईट लागतो, आतला पंखा फुरफुरतो, स्क्रीन काळी ती काळीच. म्हटलं घाबरायचं कारण नाही, वर्षाची वॉरंटी आहे, अजून दीड महिना तरी हातात आहे.

काल रात्री बिल काढायला अण्णांची पेटी उघडली. आमच्या घरातला प्रत्येक कागद त्या पत्र्याच्या पेटीत असतो. सातबारा, रेशनकार्ड, माझी दहावीची मार्कशीट, मोडीत निघालेल्या मोटारसायकलचं आरसी बुक. लॅपटॉपचं बिल अण्णांनी एलआयसीच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं, घडीसुद्धा न घालता. बाहेर काढलं तर कोरं! बल्बखाली तिरपं धरलं तेव्हा तळाशी फिकट 'थँक यू' दिसलं. तारीख गेली, किंमत गेली, सिरीयल नंबर गेला, थँक यू तेवढं राहिलं.

ते कागद शाईने छापतच नाहीत. कागदावरच मसाला लावलेला असतो, मशीनच्या उष्णतेने तो काळा होतो अन् अक्षर उमटतं. ऊन लागलं, तेलाचा हात लागला की उडतं. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं तर आणखी लवकर. म्हणजे अण्णांनी जपलं, म्हणून गेलं.

अन् त्याच पेटीत, त्याच पाकिटाच्या खाली, २०२० चं सोयाबीनच्या बियाण्याचं बिल होतं. दुकानदाराने बॉलपेनने दाबून लिहिलेलं, कार्बनखालची निळी प्रत. एकूण एक अक्षर वाचता येतं. लॉट नंबरसकट.

त्या वर्षीचं आपल्याकडच्यांना सांगायला नको. मराठवाडाभर सोयाबीन उगवलंच नाही. आमचंही नाही. पंचनाम्याला माणसं आली, त्यांचं पहिलं वाक्य, "बिल आहे का?" अण्णांनी बाजेवर एकेक मांडलं. बिल, पिशवी, पिशवीचा टॅग, अन् डब्यात राखून ठेवलेलं मूठभर बियाणं. साहेब म्हणाले, बाबा, तुमच्यासारखे सगळे असते तर आमचं काम हलकं झालं असतं. आम्हाला बियाणं बदलून मिळालं. शेजारच्या काकांचं बिल पोरांनी चुलीत घातलेलं, त्यांनी पदरच्या पैशाने दुबार पेरणी केली. तेव्हापासून आमच्या घरात चणेफुटाण्याची पुडीसुद्धा वाचून मग टाकतात.

तर असा माणूस घरात असताना मी आज बिलाविना काउंटरवर उभा होतो.

संभाजीनगरला कंपनीचं सर्व्हिस सेंटर. काचेचं ऑफिस, एसी, टोकन. माझा नंबर सव्वा तासाने आला. काउंटरवरच्या पोराने लॅपटॉप उलटा केला, खालचा सिरीयल नंबर कॉम्प्युटरवर टाकला अन् सगळी कुंडली समोर. मॉडेल कोणतं, रॅम किती, माल कधी निघाला. म्हणाला, "सर, वॉरंटी ऑगस्टमध्येच संपली." मी म्हटलं, अरे घेतलाच धनत्रयोदशीला, ऑगस्टमध्ये कशी संपेल? तर म्हणे बिल नसलं की कंपनीतून माल निघाला त्या तारखेपासून धरतात. म्हणजे लॅपटॉप गोडाऊनमध्ये अन् दुकानाच्या कपाटात पडून होता ते अडीच महिनेसुद्धा माझ्याच वॉरंटीतून कापले! ते दिवस मी वापरले का? खोकं तरी फोडलं होतं का मी?

मोबाईलवर बँकेचं स्टेटमेंट दाखवलं. दुकानाचं नाव, तारीख, ४३,५०० चा आकडा, सगळं त्यात आहे. "चालत नाही सर, यावर सिरीयल नंबर नाही." अन् बोर्ड बदलायचा खर्च १७,८०० रुपये. वर तपासणी फी वेगळी.

मला राग कशाचा आला सांगतो. कंपनीकडे लॅपटॉपची जन्मतारीख आहे. दुकानदाराकडे विक्रीची नोंद आहे. बँकेकडे पैसे गेल्याची नोंद आहे. सरकारला त्यातला जीएसटी पोचलाय. ज्याच्या त्याच्याकडे माझी नोंद आहे, अन् पुरावा द्यायचा कोणी? ज्याच्या हातात सहा महिन्यांत उडणारा चिटोरा दिला त्याने! खाली बारीक अक्षरात लिहितात 'वॉरंटीसाठी हे बिल जपून ठेवा'. अरे, आधी जपता येईल असं बिल तर द्या. आपल्याकडे निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदी सापडायल्यात, मोडी वाचणारी माणसं बसवून वाचून घ्यायलेत, अन् आमचं अकरा महिन्यांचं बिल वाचता येईना.

हो, माहितीये. बिलाशिवाय कोणीही चोरीचा, सेकंडहँडचा लॅपटॉप घेऊन येईल अन् कालच घेतला म्हणेल. मान्य. अन् बायकोचं म्हणणं, त्याच दिवशी बिलाचा फोटो काढला असता, कंपनीच्या साईटवर नोंदणी केली असती तर ही वेळ आली नसती. तेही मान्य. पण दिवाळीच्या गर्दीत पोरगी खोकं छातीशी धरून उभी असताना कोणाला सुचतं हो हे?

काउंटरवर माझा आवाज चढला, खोटं कशाला सांगू. मागचे लोक बघायले. कायदा काढला, ग्राहक मंच काढला, २०१९ चा कायदा आहे, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, १९१५ ला आत्ता फोन लावतो, सगळं बोललो. पोरगं मान खाली घालून ऐकत होतं. मग हळूच म्हणालं, "काका, मी जिंतूरचाय. तुम्ही दुकानातून डुप्लिकेट बिल आणा, फक्त त्यावर सिरीयल नंबर असू द्या. मी तारीख बदलायची रिक्वेस्ट टाकतो, एका पैशाचा खर्च येणार नाही." सरचा काका झाला अन् माझा राग तिथंच निम्मा उतरला. त्याला तरी काय शिव्या द्यायच्या? महिन्याला किती देत असतील त्याला, अन् दिवसभर माझ्यासारखे वीस जण त्याच्यावर ओरडून जात असतील. निघताना तपासणी फीसुद्धा घेतली नाही त्याने. पोरा, वाचत असशील तर माफ कर.

येताना गाडीतून मेहुण्याला फोन लावला, तो सीएकडे कामाला आहे. म्हणाला, दाजी, दुकानदाराला जीएसटीच्या हिशोबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून पुढं ७२ महिने ठेवावेच लागतात. बिल त्याच्याकडे आहेच, तो फक्त शोधायला कंटाळतो.

म्हणून स्टेशनवरून घरी न येता पिशवी घेऊन थेट दुकानात. मालकाचं ठरलेलं उत्तर, "जुना डेटा गेला हो, सॉफ्टवेअर बदललंय." धनत्रयोदशीला हाच माणूस "घरचंच दुकान समजा" म्हणत पेढा देत होता. मी खुर्ची ओढून बसलो अन् ७२ महिन्यांचं सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं अन् आतल्या मुलीला हाक मारली. ती म्हणाली, बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरला आहे, रात्री पाठवते.

आज जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर झाले, कामाचा एक दिवस बुडाला अन् पोरीचं सबमिशन सोमवारी आहे. मला निदान भांडता येतं, मेहुणा आहे. ज्याला हे दोन्ही नाही तो १७,८०० भरतो, नाहीतर लॅपटॉप कपाटावर टाकून देतो. बाहेर बाकड्यावर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर लॅपटॉप, हातात असाच पांढरा कागद. त्यांचं पुढं काय झालं ते बघायला मी थांबलो नाही, गाडी चुकली असती. ते आत्ता लिहिताना आठवायलंय.

हे लिहीत असतानाच पोरीच्या फोनवर दुकानातून बिल आलं. तारीख आहे, किंमत आहे, सिरीयल नंबर आहे. लॅपटॉप उलटा करून टॉर्च लावून आम्ही दोघांनी एकेक अक्षर जुळवलं, एका ठिकाणी शून्य आहे का इंग्रजी ओ यावरून पाच मिनिटं गेली, पण जुळलं. दुकानातल्या त्या मुलीचे आभार. मालकाचे नाही.

अण्णांना दाखवलं. त्यांचा फोनवर विश्वास नाही. चष्मा लावून, सोयाबीनचं ते निळं बिल शेजारी ठेवून, ते आता हा नंबर बॉलपेनने वहीत उतरवून घ्यायलेत.

परवा सकाळी परभणीहून संभाजीनगरला कोणी गाडी घेऊन जाणार असेल तर इनबॉक्सला सांगा. पेट्रोलचे निम्मे देईन.