क्रूझवरून पाण्याला हात पोचत नाही

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर परत गंगाविलासचा, म्हणजे गंगेवरच्या त्या लांब पल्ल्याच्या क्रूझचा विषय निघाला आणि काकांनी नेहमीप्रमाणे लिहिलं, पवित्र नदीवर असले चाळे नकोत. आता काका राहतात पणजीत. रोज संध्याकाळी मांडवीच्या काठाने चालायला जातात, समोर कॅसिनोच्या बोटी लखलखत असतात, सांता मोनिका जेटीवरून सुटलेल्या क्रूझवर डीजे ठणाणत असतो, आणि ही मांडवी म्हणजेच आपली म्हादई ना, जिच्या पाण्यासाठी आपण कर्नाटकाशी भांडतो आणि भाषणात जिला आई म्हणतो? तिचं पावित्र्य काकांना वॉकला कधी आडवं येत नाही. सरकारदरबारी तर दोघी एकाच यादीत आहेत, गंगा राष्ट्रीय जलमार्ग 1 आणि मांडवी 68, हे लिहिलं तर काकांनी नुसता हात जोडल्याचा इमोजी टाकला.

मी क्रूझच्या विरोधात नाही हां. गंगाविलास 13 जानेवारी 2023 ला वाराणसीहून निघाली, 51 दिवस, सुमारे 3200 किलोमीटर, बांगलादेशातून फिरून थेट आसामात दिब्रुगढला, आणि प्रवासी मावतात फक्त 36. तिकीट आपल्या बापजन्मात परवडणार नाही ते सोडा, पण 62 मीटर लांबीची बोट आणि तिचं बूड पाण्यात जेमतेम 1.4 मीटर, याचं मला फार अप्रूप. गंगेचं पात्र पसरट, गाळ सारखा जागा बदलणारा, म्हणून तिथे बांबूच्या तट्ट्या तिरक्या रोवून पाणी मधल्या वाटेकडे वळवतात, मग प्रवाहच तळ खरवडून बोटीला रस्ता करून देतो. खनिजाच्या बार्जवर आयुष्य काढलेल्या आमच्या शेजाऱ्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमकां फकत भरती-सुकती पळोवची पडटाली!" म्हणजे आम्हाला फक्त भरती-ओहोटी बघावी लागायची.

मला खुपतं ते वेगळंच. बिहारात सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा पट्टा डॉल्फिनसाठी राखीव आहे, विक्रमशिला अभयारण्य, 1991 पासून. हा डॉल्फिन जवळजवळ आंधळा, आवाज सोडायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवर वाट नि मासा शोधायचा, एवढंच त्याच्या हातात. त्याच्या डोक्यावरून इंजिनं घरघरत नेताना आधी त्याचा विचार व्हायला हवा, डेकवर कोण काय पितंय ते नंतर बघू.

आणि दुसरं म्हणजे उंची. दोन वर्षांपूर्वी आईला काशीला नेलं होतं. मी हौसेने संध्याकाळच्या क्रूझचं बुकिंग केलेलं, एसी, मऊ खुर्च्या, काचेतून सगळे घाट ओळीने दिसतात, दशाश्वमेधची आरती तर अगदी समोर, फोटो तर काय विचारू नका. आई सगळं बघून झाल्यावर म्हणाली, "पाण्याला हात कुठून लावायचा?" कुठूनच नाही. स्टाफमधल्या मुलाने बिचाऱ्याने धावत जाऊन सीलबंद गंगाजलाची बाटली आणून दिली. आईने ती घेतली, पर्समध्ये टाकली, रूमवर येईपर्यंत गप्प.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला साधी नाव केली. आता तिथे बऱ्याच नावांना सीएनजी इंजिन आहे, नावाड्याने मध्यावर ते बंद केलं. काशीत गंगा उत्तरेकडे वळते, घाट सगळे एका काठाला, त्यामुळे सूर्य पलीकडच्या ओसाड वाळूतून वर येतो. आई वाकली, नाव कलली, मी तिला मागून साडीला धरून ठेवलेलं, आणि ती कोपरापर्यंत हात बुडवून म्हणाली, "थंड आहे गो!" बाटली अजून देवघरात सीलसकट आहे.

काकांना मी यंदा त्रिपुरारी पौर्णिमेला गोव्यातल्याच साखळी गावी विठ्ठलापूरला नेणार आहे. तिथे वाळवंटी नदीत हाताने बनवलेल्या होड्या सोडतात, ती वाळवंटीही पुढे मांडवीलाच मिळते. गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत, कोण येतंय सांगा, आईने पुढची आधीच धरलीय.